व्हेनिसचा फेब्रुवारी

समाधानी माणसांचा मला जरा रागच येतो. त्यांच्याशी धड भांडता येत नाही, त्यांची कीव करता येत नाही, आणि त्यांच्यासमोर आपलं रडगाणं सुरू केलं तर पाचव्या मिनिटाला आपल्यालाच लाज वाटते. पद्मिनी केळुसकर अशांपैकी एक. तिची माझी ओळख १९७५ साली ॲन आर्बरच्या एका बस स्टॉपवर झाली. जानेवारी महिना, गुडघाभर बर्फ, बस वीस मिनिटं लेट. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या नोकरीला निघालेली, आणि मनातल्या मनात अमेरिकेला, नवऱ्याला आणि बसवाल्याला आळीपाळीनं शिव्या घालत उभी. शेजारी एक लहानखुरी बाई होती. साडीवर नवऱ्याचा ओव्हरकोट, डोक्याला माकडटोपी, हातात थर्मास. तिनं झाकणात चहा ओतला आणि ओळख ना पाळख, माझ्यापुढे धरला.

"आलं घातलंय. घ्या."

"बस काही येत नाही आज," मी म्हटलं.

"येईल की. तोवर चहा तरी होईल."

बस आणखी वीस मिनिटांनी आली. तेव्हापासून आम्ही दोघी रोज त्याच बसनं जाऊ लागलो.

पद्मिनी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झाली. कारण दर वेळी एकच. समोरून कोणी आलं की ती थांबून त्याला आधी जाऊ द्यायची, मग त्याच्या मागच्याला, मग त्याच्याही मागच्याला. चौथ्यांदा ती परीक्षेला गेलीच नाही. "बसमध्ये वाचता तरी येतं," म्हणाली. तिचा नवरा उल्हास डेट्रॉइटकडे एका मोटार कंपनीत इंजिनिअर. मोटारी बनवणाऱ्या माणसाची बायको बसचा पास घेऊन हिंडते, याची त्याला लाज वाटायची. तिला मुळीच वाटायची नाही.

ती मूळची मिरजेची. पुण्याला गणितात एम.एस्सी. केलं, सांगलीच्या कॉलेजात तीन वर्षं शिकवलं आणि लग्न होऊन इकडे आली. इथे तिला शिकवायला कोणी उभं करेना. अमेरिकन अनुभव आहे का, असं सगळे विचारायचे, आणि अनुभव मिळावा म्हणून नोकरी कोणी देईना. मुलगी सुमेधा शाळेत जाऊ लागली तशी पद्मिनीनं टायपिंगचा क्लास लावला आणि हॉलिंगर हाऊसमध्ये टायपिस्ट म्हणून लागली. एम.एस्सी. झालेल्या बाईनं टायपिस्ट व्हायचं याचा मला संताप आला होता. तिला त्या घराच्या खिडक्या फार आवडल्या होत्या.

हे हॉलिंगर हाऊस म्हणजे गावातलं एक जुनं विटांचं घर. वॉल्टर हॉलिंगर नावाच्या गृहस्थांचा स्लाइड रूल बनवायचा कारखाना होता. आमच्या पिढीच्या इंजिनिअरांच्या खिशात असायची ती सरकपट्टी. त्या पट्ट्यांवर साहेबांनी भरपूर कमावलं आणि सगळं गणिताच्या जुन्या पुस्तकांवर उधळलं. खिशातले कॅल्क्युलेटर निघायच्या आत ते वारले, म्हणजे नशीबवानच. मागे राहिलं ते घर, तीन हजार पुस्तकं, एक ट्रस्ट आणि त्यांची बायको. ट्रस्टच्या नोकरीत माणसं दोनच. ग्रंथपाल मिस व्हीलॉक, म्हणजे उंच, शिस्तीची, मनानं चांगली बाई, आणि टायपिस्ट पद्मिनी.

पद्मिनीचं काम होतं मिस व्हीलॉकनी लिहिलेली माहिती कार्डांवर टाइप करायची. पुस्तकाचं नाव, लेखक, गाव, साल. जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानाखाली बहुतेक वेळा लॅटिनमध्ये चार शब्द असत, त्यांचा अर्थ 'कृपेने व सनदेसह'. मिस व्हीलॉक कार्डावर 'सनदेसह' एवढंच लिहायच्या. पद्मिनीनं एकदा पुस्तक उलटून बघितलं, तर मागच्या पानावर ती अख्खी सनद छापलेली. तिला लॅटिन येत नव्हतं, पण संस्कृत पक्कं होतं, आणि विभक्तीला घाबरायचं नाही एवढं त्यातून कळलेलं होतं. डिक्शनरी घेऊन ती दुपारच्या सुट्टीत बसली. पहिल्या सनदेला तीन आठवडे लागले. मग मात्र भराभर जमत गेलं, कारण सरकारी भाषा कुठल्याही देशातली असो, एकदा कळली की पुढे तेच ते असतं.

मला तिनं हे सगळं बसमध्ये समजावून सांगितलं. पाचशे वर्षांपूर्वी छापखाने नवे होते तेव्हा कोणीही कोणाचंही पुस्तक उचलून छापायचा. गणिताच्या पुस्तकवाल्यांचे तर जास्तच हाल. भूमितीच्या आकृत्या लाकडात कोरून घ्यायला वर्ष वर्ष लागायचं, आणि शेजारचा छापखानेवाला आठ दिवसांत नक्कल उतरवायचा. म्हणून लेखक किंवा छापणारा सरकारकडे अर्ज करायचा, आणि सरकार सनद द्यायचं, की हे पुस्तक अमुक माणसाशिवाय दहा वर्षं कोणी छापू नये, छापलं तर प्रती जप्त आणि वर दंड. पोपनं सनद दिली असेल तर दंडाबरोबर धर्मातून हकालपट्टी.

"पाढ्यांच्या पुस्तकासाठी?" मी विचारलं.

"पाढ्यांच्या पुस्तकासाठी," पद्मिनी खूश होऊन म्हणाली.

तिनं प्रत्येक सनदेचं एक कार्ड करायला घेतलं. कोणी दिली, कोणाला, किती वर्षांची, मोडली तर शिक्षा काय. ही कार्डं ग्रंथालयाची नव्हती, तिची स्वतःची होती, म्हणून ती पाककृतींच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. इकडच्या बायका ज्यात केकच्या कृती ठेवतात, ते डबे. नऊ वर्षांत चार डबे भरले. त्यात एक आरमारी नकाशेवाला होता, एक घड्याळं बनवणारा होता, पॅरिसमधल्या एका छापखानेवाल्याची विधवा होती. नवरा गेल्यावर तिनं राजाकडून स्वतःच्या नावावर सनद मिळवली होती आणि पुढे सहा वर्षं भूमिती छापली. पद्मिनी या सगळ्यांबद्दल चाळीतल्या शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलायची. एकदा ती मला म्हणाली, "बघ ना, बाकी यांचं काही उरलं नाही. घर नाही, फोटो नाही. पण सनदेत नाव आलंय, म्हणून मला माहीत आहेत."

यातून तिला काय हवं होतं हे मला १९८३च्या शरद ऋतूत कळलं. ट्रस्टनं ठरवलं, पुढच्या वसंतात सनदवाल्या पुस्तकांचं प्रदर्शन भरवायचं आणि त्याचा कॅटलॉग छापायचा. मिस व्हीलॉकनी पद्मिनीला बोलावून सांगितलं, तुझे डबे आण. पद्मिनीनं डबे नेले, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. कॅटलॉगवर माझं नाव घालाल का, तिनं विचारलं. वर नको, आत कुठेतरी चालेल.

मिस व्हीलॉक म्हणाल्या, मी घातलं असतं, पण ट्रस्टच्या नियमात कॅटलॉगमध्ये नाव फक्त ग्रंथपालाचं आणि विश्वस्तांचं येतं. टंकलेखकांचे आभार 'कर्मचारीवर्ग' या शब्दात मानतात.

"कर्मचारीवर्ग म्हणजे कोण?" मी बसमध्ये ओरडले. "तू एकटीच तर आहेस."

"हो. म्हणजे मलाच."

"पद्मिनी, अगं तू चिडत कशी नाहीस?"

तिनं पिशवीतून थर्मास काढला. मग म्हणाली, "चिडले नाही. पण वाईट वाटलं. एकदा तरी नाव यावं असं फार वाटत होतं गं." एवढं बोलून तिनं थर्मास उघडला. मला तो चहा त्या दिवशी गोड लागला नाही.

तरी ती काम करत राहिली, आणि मन लावून. प्रदर्शनात पुस्तकं सनदेच्या तारखेप्रमाणे लावायची होती, आणि तारखा हा पद्मिनीचा हातखंडा. त्याचं कारण तिचे वडील. ते मिरजेहून पत्र पाठवायचे त्यावर मिती आणि शके घालायचे, इंग्रजी तारीख लिहिणं त्यांना मंजूर नव्हतं. त्यामुळे पद्मिनीला लहानपणापासून पाठ होतं, की शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत एकोणऐंशी मिळवायचे, कारण तेव्हा इंग्रजी वर्ष बदललेलं असतं आणि आपलं जुनंच चालू असतं. जुन्या व्हेनिसचंही तसंच. तिथलं वर्ष एक मार्चला लागायचं. त्यांच्या कागदावर फेब्रुवारी १५१४ असेल तर आपल्या हिशेबानं तो फेब्रुवारी १५१५. मिस व्हीलॉक तिथे दर वेळी अडखळायच्या. पद्मिनी न बघता एक मिळवायची.

संग्रहातली सगळ्यांत जुनी सनद कुठली, याचं उत्तर हॉलिंगर साहेबांनी हयातभर सांगून ठेवलेलं होतं. त्यांच्या लाडक्या भूमितीच्या पुस्तकाची. केवढं मोठं पुस्तक, चामडी बांधणी, सोनेरी कडा, समासात सुबक आकृत्या. त्याची सनद व्हेनिसच्या सरकारची, सप्टेंबर १५१४ची. दुसरं एक दावेदार होतं. व्यापाऱ्यांच्या मुलांना हिशेब शिकवणाऱ्या एका मास्तरचं अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक, कसरीनं खाल्लेलं, लिलावातल्या कुठल्याशा लॉटबरोबर फुकट आलेलं. तेही व्हेनिसलाच छापलेलं, सनद फेब्रुवारी १५१४ची. पद्मिनीनं एक मिळवला, १५१५ केलं, आणि मास्तर दुसऱ्या नंबरवर गेला. साहेबांचं पुस्तक खरोखरच पहिलं ठरलं. मिसेस हॉलिंगरना कळवल्यावर त्यांनी ऑफिसला केक पाठवला. कॅटलॉगच्या कव्हरवर भूमितीच्या पुस्तकाचा फोटो गेला. मार्चमध्ये सहाशे प्रती छापून, खोक्यांत भरून आल्या.

प्रदर्शनाला दोन आठवडे उरले असताना पद्मिनी काचेच्या कपाटांतल्या पाट्या टाइप करत होती. मास्तरच्या पुस्तकासाठी तिनं सनदेचा पूर्ण तर्जुमा द्यायचं ठरवलं, कारण ती सनद तिला फार आवडायची. मास्तरनं अर्जात लिहिलं होतं, की लोक माझं पुस्तक घाईनं छापतील, आकडे चुकवतील, आणि त्या चुका माझ्या नावावर खपतील. माझ्या पुस्तकात चुका राहिल्याच तर त्या माझ्याच असाव्यात. ही सनद सरकारची नव्हती, पोपची होती. तर्जुमा करताना ती शेवटच्या ओळीपर्यंत आली. ही ओळ ठरीव असते म्हणून एरवी ती सोडून द्यायची. रोम येथे दिले, चार फेब्रुवारी १५१४, आमच्या पोपपदाच्या पहिल्या वर्षी.

संध्याकाळी बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली ती हातमोजे न काढताच.

"नीला, मी चुकले," ती म्हणाली.

"काय चुकलीस?"

"हा पोप गादीवर आला मार्च १५१३मध्ये. त्याचं पहिलं वर्ष मार्च १५१४ला संपलं. पहिल्या वर्षातला फेब्रुवारी एकच. १५१४चा."

"मग?"

"मग एक मिळवायचाच नव्हता. पुस्तक व्हेनिसचं, पण सनद रोमची. पोपच्या त्या सनदांच्या कचेरीत वर्ष नाताळला बदलायचं. मी व्हेनिसचा फेब्रुवारी धरून बसले. सवयीनं."

मला कळायला दोन स्टॉप लागले. म्हणजे कसरीचं पुस्तक भूमितीच्या पुस्तकापेक्षा सात महिन्यांनी जुनं. म्हणजे कव्हरवरचा फोटो चुकीचा, पहिलं पान चुकीचं, हॉलिंगर साहेबांची हयातभरची बढाई चुकीची, आणि तो केक आपण उगाच खाल्ला. मी खाल्लेला तुकडा मला आठवला. चांगला होता.

मी तिच्याबरोबर तिच्या घरी उतरले. उल्हास नुकताच आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले.

"तुझं नाव तरी आहे का त्या कॅटलॉगवर? त्यांनी दिलं नाही ना? मग हेडेक त्यांचा. लेट इट गो यार."

"पण चूक माझी आहे."

"कुणाला कळणार आहे? पाचशे वर्षं जुना फेब्रुवारी, हू केअर्स? आणि ती ओल्ड लेडी ऑफेंड झाली तर जॉब जाईल तुझा. मिस व्हीलॉकचं नाव आहे वर, तिला रिस्पॉन्सिबिलिटी घेऊ दे."

सुमेधा तेव्हा चौदा वर्षांची. ती सोफ्यावरून म्हणाली, "बाबा इज राइट, आई. इट्स नॉट युअर नेम ऑन इट."

खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. ज्यांनी श्रेय दिलं नाही त्यांची चूक आपण का निस्तरायची? मी तसं म्हटलंही. पद्मिनी कुकर लावत होती. तिनं शिट्टी बसवली, हात पुसला आणि म्हणाली, "नाव नाही म्हणून चूक माझी नाही, असं कसं? मग इतकी वर्षं केलं तेही माझं नाही."



पुढचं मला मिस व्हीलॉकनी नंतर सांगितलं, कारण पद्मिनी स्वतःच्या गोष्टी नीट सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या टेबलापाशी गेली, आणि तिनं एक टाइप केलेली चिठ्ठी पुढे ठेवली. वर शुद्धिपत्र असं लिहिलेलं, खाली चार ओळी. क्रमांक दोनची सनद रोमची असून तिची तारीख ४ फेब्रुवारी १५१४ अशी वाचावी. ती क्रमांक एकच्या आधीची आहे. व्हेनिसची कालगणना लावण्याची चूक माझी आहे. आणि खाली नाव. पद्मिनी केळुसकर.

मिस व्हीलॉकनी पुस्तक काढून शेवटची ओळ वाचली, बोटांवर वर्षं मोजली, परत मोजली. मग त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. माझ्याही नजरेतून सुटलं. पण हे आत्ताच करायला हवं का? पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. मिसेस हॉलिंगर ब्याऐंशी वर्षांच्या आहेत."

"लोक आता बघायला येणार आहेत," पद्मिनी म्हणाली.

"आणि नाव घालता येणार नाही. नियम तुला माहीत आहे. चिठ्ठी घातलीच तर ती माझ्या नावानं जाईल."

"नियम काम कोणी केलं त्याचा आहे," पद्मिनी म्हणाली. "चूक कोणी केली त्याचा नियम नाही. मी वाचून बघितलं."

मिस व्हीलॉक मला सांगताना इथे हसल्या. सव्वीस वर्षं मी त्या ट्रस्टचे नियम पाळले, म्हणाल्या, आणि इतक्या सौम्यपणे मला कोणी अडवलं नव्हतं. त्यांनी फोन उचलला आणि मिसेस हॉलिंगरना बोलावून घेतलं.

म्हातारी काठी टेकत आली. दोन्ही पुस्तकं टेबलावर मांडलेली होती. तिनं आधी नवऱ्याच्या पुस्तकावर हात ठेवला, मग त्या कसरीच्या पुस्तकाकडे कोणी आगंतुकाकडे बघावं तसं बघितलं.

"वॉल्टर तीस वर्षं सांगत होता," ती म्हणाली. "तो चुकला असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते," पद्मिनी म्हणाली. "आधी मीही त्यांच्यासारखंच म्हटलं होतं. ते चुकीचं होतं."

मग तिनं शेवटची ओळ बोट लावून वाचून दाखवली, पोपचं वर्ष समजावलं, मार्च ते मार्च. शकाचंही सांगितलं, वडिलांच्या पत्रांचं, आणि हात सवयीनं कसा पुढे गेला तेही. म्हातारीनं सगळं ऐकलं. ऐकताना तिचा चेहरा काही फार गोड नव्हता. शेवटी तिनं ती चिठ्ठी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि खालची ओळ वाचायचा प्रयत्न केला.

"हे कोण?" तिनं विचारलं.

"मी," पद्मिनी म्हणाली.

नऊ वर्षं पद्मिनी त्या घरात काम करत होती. नाताळच्या पार्टीला म्हातारी दर वर्षी तिच्या हातात हात द्यायची. नाव तिनं कधी विचारलं नव्हतं. मिस व्हीलॉक म्हणाल्या, त्या क्षणी माझीच मान खाली गेली.

"पुन्हा सांग," मिसेस हॉलिंगर म्हणाल्या. पद्मिनीनं सांगितलं. म्हातारीनं ते दोनदा म्हणून बघितलं, 'ळ' काही तिला जमला नाही. मग ती मिस व्हीलॉककडे वळली. "ही चिठ्ठी छापा. जशी आहे तशी, नावासकट. आणि आत कुठे लपवू नका, पहिल्या पानासमोर चिकटवा. वॉल्टरला चूक सापडली की तो आठवडाभर धुमसायचा, पण लपवायचा नाही." दारापर्यंत गेल्यावर ती थांबली. "आणि ते पोरकं पुस्तक मधल्या कपाटात ठेवा. वॉल्टरचं त्याच्या शेजारी."

चिठ्ठ्या छापून आल्या तेव्हा त्या चिकटवायला मी एक रविवार दिला. सहाशे चिठ्ठ्या. डायनिंग टेबलवर पद्मिनी, मी, आणि कुरकुरत का होईना उल्हास. तो इंजिनिअर असल्यामुळे त्याला प्रत्येक चिठ्ठी कडेपासून सारख्या अंतरावर हवी होती, आणि त्यासाठी त्यानं पुठ्ठ्याचा साचा कापला. दुपारपर्यंत त्याचा सूर बदलला होता. 'बघ, कव्हर उघडलं की फर्स्ट तुझंच नाव दिसतं,' असं तो दर पन्नास प्रतींनंतर म्हणायचा, जणू ही आयडिया त्याचीच होती. डाव्या बाजूला पद्मिनी केळुसकर, उजव्या पानावर विश्वस्त आणि ग्रंथपाल. सुमेधा येऊन बघून गेली. "मॉम, यू आर फेमस फॉर बीइंग राँग," ती म्हणाली, आणि एक प्रत शाळेत न्यायला मागितली. पद्मिनीनं तिला दोन दिल्या.

प्रदर्शनाला गर्दी झाली असं मी म्हणणार नाही. गणिताचे प्रोफेसर, काही विद्यार्थी, आमच्या मराठी मंडळाची वीसेक माणसं, जी मुख्यतः चहापाण्यासाठी आली होती. पद्मिनी नवी साडी नेसून मधल्या कपाटापाशी उभी होती, आणि कोणीही विचारलं की आपली चूक पहिल्यापासून सांगत होती. इतक्या आनंदानं स्वतःची चूक सांगणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. माझ्याकडून लॅबमध्ये एकदा दोन बाटल्यांची अदलाबदल झाली होती, ती मी अजून नवऱ्यालाही सांगितलेली नाही.

मग ऑगस्टमध्ये हॉलिंगर हाऊसमध्ये एक पत्र आलं. पत्रावर मिस व्हीलॉकचं नाव नव्हतं, ट्रस्टचंही नव्हतं. नऊ वर्षांत त्या पत्त्यावर पद्मिनीच्या नावाचं आलेलं हे पहिलं पत्र. ती ते बसमध्ये घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं.

इटलीतल्या एका ग्रंथालयाच्या माणसानं आमचा कॅटलॉग बघून लिहिलं होतं. त्याच्या संग्रहात मास्तरच्या त्याच पुस्तकाची प्रत होती, आणि त्यांच्या कार्डावरही १५१५ असंच लिहिलेलं होतं. त्याच्या आधीच्या माणसानं तीच चूक केली होती, साठ वर्षांपूर्वी, आणि ती त्याच्यापासून सगळे उतरवून घेत आले होते. पोपच्या वर्षाकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. आता ते नवी यादी छापणार होते. त्यात तुमची दुरुस्ती वापरायची आहे, त्यानं लिहिलं होतं. आपली परवानगी असावी.

मी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. पद्मिनी सरळ समोर बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. नऊ वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे काय करावं ते मला सुचेना. थर्मास तिच्या पिशवीत होता. मीच तो काढला, झाकणात चहा ओतला आणि तिला दिला.

"परवानगी सहजासहजी देऊ नकोस," मी म्हटलं. "दहा वर्षांची मुदत घाल. मोडली तर धर्मातून हकालपट्टी."

ती हसली, पण त्या पत्राचा विचार तिनं चार दिवस केला. शेवटी दोन ओळींचं उत्तर टाइप केलं, आणि पोस्टात टाकायच्या आधी मला वाचायला दिलं. खुशाल छापा, मुदत काही नाही. फक्त सोबत माझं नाव घाला, आणि चूक आधी मीही केली होती हेही लिहा.